कडक इस्त्रीचा सदरा

या, असे जवळ सरकून बसा, मायबाप. लांबून ऐकायची ही गोष्ट नव्हे. मोठ्यानं सांगायला गेलं तर तिचा श्वास कोंडतो. हिच्यात राजा नाही, चमत्कार तर औषधालासुद्धा नाही. एक बहीण, एक भाऊ, एक सदरा आणि पेलाभर पाणी, एवढाच ऐवज. पण पाणी देवाचं असलं तरी ते आपल्या ओठांशी येतं माणसाच्या हातून. त्या हाताची ही गोष्ट. ऐकाल ना?

ताई इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. लाँड्रीत तिला सगळे ताईच म्हणत. मालक वयानं मोठा, तोही ताई म्हणे. इस्त्री तापत होती, वाफेचा पहिला फुस्कारा अजून यायचा होता. घडीवाली, म्हणजे कपड्यांच्या घड्या घालणारी बाई, खाली फतकल मारून धुऊन वाळलेल्या गठ्ठ्यांच्या गाठी सोडत होती आणि तिचं तोंड तिच्या हातांच्या पुढं धावत होतं. "ह्या हॉटेलातल्या चादरी बघ गं ताई. डाग निघता निघत नाहीत. माणसं ह्यांच्यावर झोपतात का भाज्या चिरतात?" ताई हसली. "आणि हा इस्पितळाचा. बेवारशांचा." मोठ्या इस्पितळातून अधूनमधून असा गठ्ठा यायचा. जे तिथं आणले गेले आणि ज्यांच्यामागं कुणीच आलं नाही, त्यांच्या अंगावरचे कपडे. ते धुऊन, इस्त्री करून गरजूंना वाटायला जात. मेल्याच्या कपड्याला इस्त्री कशाला, असं घडीवालीनं एकदा विचारलं होतं, तेव्हा मालक म्हणाला होता, "चुरगळलेलं दिलं की घेणाऱ्याला कळतं आपण दान घेतोय." ताईनं वरचा पांढरा सदरा उचलला, टेबलावर पसरला, कॉलर उलटली आणि तिचा हात थांबला. डोळ्यांच्या आधी हातानं ओळखलं. कॉलरच्या आतल्या अंगाला निळ्या दोऱ्याची बारीकशी फुली होती आणि फुलीच्या पोटात एक टाका. गिऱ्हाइकाचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून लाँड्रीत असे टाके घालतात. निळी फुली गिऱ्हाइकाची नव्हती. ती ताईच्या घरची होती.

फुस्कारा आला. ताईच्या हातानं इस्त्री उचलली, कारण त्या हाताला दुसरं काही येत नव्हतं. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. बाहीवर कोपराशी कापड विरलं होतं, खिशाच्या कडेला कसलासा पिवळट ओघळ होता, तो धुऊनही गेला नव्हता. बटणं सगळी जागच्या जागी. इस्त्री फिरत गेली तसतसा सदरा पुन्हा आपल्या आकाराला येत गेला आणि ताईच्या छातीत काहीतरी मागं मागं सरकत गेलं, भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिनं घडी घातली आणि सदरा आपल्या पिशवीत ठेवला. "ताई, तो गठ्ठ्यातला ना?" घडीवाली म्हणाली. "घरचा आहे." "घरचा? मग गठ्ठ्यात कसा गेला?" ताईनं दुसरा कपडा ओढला. घडीवालीचं तोंड आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच बंद झालं. मालकानं काउंटरवरून ओरडून सांगितलं, "ताई, निघायचं बघ, तुझी ती सुनावणी आहे ना? जा, कायदा करून ये. आलीस की चादरी आहेतच."

सुनावणी दुपारी होती, मनाच्या आजाराच्या कायद्यात बदल करायचा त्याची. मोठ्या इस्पितळाचा रस्ता लाँड्रीवरून डावीकडं जातो आणि सुनावणी जिथं होती त्या सरकारी इमारतीचा उजवीकडं. ताई चौकात उभी राहिली. दिवा तांबडा झाला, हिरवा झाला, पुन्हा तांबडा झाला, माणसं तिला वळसा घालून ओलांडून गेली, आणि ती मनात एकेक टाका घालत होती. सदरा म्हणजे माणूस नव्हे. घर सोडून गेलेल्या धाकट्या भावानं तो कुणाला दिला असेल. लहानपणी नाही का, शाळेतून बिनचपलांचा घरी आला होता, म्हणाला, त्या मुलाचे पाय भाजत होते. किंवा कुणी त्याच्या अंगावरून काढून घेतला असेल. किंवा तो इस्पितळात आला असेल, बरा झाला असेल, त्यांनी त्याला दुसरे कपडे दिले असतील आणि तो गेला असेल आपल्या पायांनी. डावीकडं जाऊन विचारलं की ह्यातलं एकच उरणार होतं. न विचारता सगळीच खरी होती. आणि सुनावणीत तिला बोलायचं होतं माझा भाऊ आहे म्हणून. भाऊ होता म्हणून बोलायचं तर तिनं काहीच तयार केलं नव्हतं. ती उजवीकडं वळली.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या त्या काळोख्या विहिरींत दिवसभर लोंबकळायचं आणि संध्याकाळी हाताला ग्रीस माखून घरी यायचं, येताना दारातूनच ओरडायचं, "ताई, आज तीन मजल्यांना वर पोचवलं, आता तू मला जेवायला पोचव." त्या विहिरींच्या भिंतींतून पाण्याचे नळ जातात. तो म्हणायचा, नळांतून माणसांची बोलणी ऐकू येतात, सातव्या मजल्यावरचं भांडण तळमजल्यावर. आधी ही गंमत होती. तो नकला करून दाखवायचा आणि ताई पोट धरून हसायची. मग एका नळातून त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं. मग त्याला समजलं, असं तो म्हणाला, की पाणी वाहता वाहता सगळं ऐकून ठेवतं. ज्या ज्या घरातून ते येतं तिथल्या शिव्या, रडणी, कुजबुजी त्याच्यात विरघळतात, आणि आपण ते प्यालो की ती सगळी माणसं आत जाऊन बोलायला लागतात. "तुला ऐकू येत नाहीत, ताई? मग तू भाग्यवान आहेस." हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं की ताईला त्या क्षणी खरंच आपण भाग्यवान आहोत असं वाटलं, आणि त्याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. काम सुटलं. घरातल्या नळांच्या तोट्यांना त्यानं फडकी बांधली. नळाच्या पाण्यात शिजलेलं खाईना. डॉक्टरकडं चल म्हटलं की शांतपणे म्हणायचा, "आजारी कोण आहे? पाणी आजारी आहे."

तेव्हा ताईला इस्त्रीचं पाणी आठवलं. वाफेच्या इस्त्रीत नळाचं पाणी घातलं तर आत क्षार धरतात, म्हणून लाँड्रीत शुद्ध पाण्याचे कॅन येतात, तोंडाला प्लॅस्टिकचं सील लावलेले. तिनं एक घरी आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. "बघ, हे कारखान्यात वाफ करून थंड केलेलं. कुणाच्या घरातून आलेलं नाही. ह्यानं काही ऐकलेलं नाही." त्यानं कॅन कानाशी धरला, हलवला, सील नखानं चाचपलं. मग फोडून पेलाभर प्याला. पिताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना पाहिली आणि ताईला दाराआड जाऊन रडावं लागलं. मायबाप, तहानेला पाणी मिळण्याहून मोठी पूजा मी तरी पाहिलेली नाही. पण कॅन किती दिवस आणणार? मालक म्हणाला, "अगं, इस्त्री पितीय का कोण पितंय?" मग ताईनं रिकामे कॅन घरी नेले. नळाचं पाणी उकळून, गार करून त्यात भरलं, दुकानातून आणलेल्या कोऱ्या सीलची कडा नीट बसवली आणि इस्त्रीचं टोक त्याच्याजवळून नेलं. ऊब लागली की ते प्लॅस्टिक आक्रसतं आणि गळ्याला घट्ट बसतं. नवंकोरं दिसतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हातांना सुचलं. धाकटा रोज चाचपून, फोडून, प्यायचा. "ताई, तू आहेस म्हणून," असं म्हणायचा. त्याचा विश्वास पाण्यावर नव्हताच, पाणी ज्या हातातून यायचं त्या हातावर होता, आणि तो हात रोज त्याला फसवत होता, प्रेमानं. ह्याला पाप म्हणावं की पुण्य, हा हिशेब मी देवावर सोपवला आहे.

आईला वेड्यांच्या इस्पितळात नेलं तेव्हा ताई शाळेत जात होती. तेव्हाचा कायदा वेगळा होता. घरातल्या दोन पुरुषांनी सांगितलं आणि एका डॉक्टरनं मान डोलावली की पुरे. आईचं तान्हं मूल गेलं होतं आणि ती रडायची थांबत नव्हती, एवढंच. वडील आणि काका दाराशी उभे होते, गाडी खाली उभी होती, आणि आई शिवणाच्या मशीनचा पाय धरून बसली होती. मशीन तिच्याबरोबर दारापर्यंत घसरत आलं. फरशीवर त्याचा ओरखडा पुढं कितीतरी वर्षं होता. ताई परकर घालायची सोडून साडी नेसायला लागली तेव्हा आई परत आली, केस कापलेले, आवाज खाली गेलेला. कुणी काही म्हणायच्या आत विचारायची, "उठू का?" "पाणी पिऊ का?" "खिडकीशी बसू का?" आपल्याच घरात. मरणाच्या दिवशीसुद्धा तिनं ताईला विचारलं, "झोपू का गं?" त्या रात्री धाकटा ताईच्या कुशीत शिरून म्हणाला होता, "मला नाही ना कुणी नेणार?" आणि ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मी असताना? कुणाची टाप आहे?" असलं वचन देताना माणूस पुढचं आयुष्य कुठं पाहतो! तो फक्त कुशीतलं डोकं पाहतो.

म्हणूनच जेव्हा धाकट्याच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि ताईनं स्वतःच जाऊन अर्ज केला की माझ्या भावाला तपासा, त्याला उपचार द्या, तेव्हा घरी परतताना तिचे पाय चोरासारखे पडत होते. आता कायदा बदललेला होता. आईसारखं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून शहाण्या, दयाळू माणसांनी तो बदलला होता. आता माणसाच्या मनाविरुद्ध त्याला न्यायचं तर एकच गोष्ट पाहायची: त्याच्यापासून त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे का? आज, आत्ता? तपासायला डॉक्टर सकाळी येणार होते. आणि त्या सकाळी ताईनं काय केलं? पाहुणे येणार असले की ह्या घरात जे करायची रीत होती तेच. टॉवेल कॅनच्या पाण्यात भिजवून त्याचं अंग पुसलं. दाढी केली. केसांचा भांग पाडला. पांढरा सदरा काढून खळ घालून अशी कडक इस्त्री केली की कॉलर कागदासारखी वाजावी. त्याला घालताना बटणं तिनंच लावली, खालून वर, आणि शेवटच्या बटणाशी त्याच्या कानात म्हणाली, "त्यांनी विचारलं तर पाण्याचं बोलू नकोस हं." हे वाक्य ती कितीदा तरी बोललेली होती. मावशी यायची तेव्हा. शेजारीण यायची तेव्हा. ते तिच्या तोंडून निघून गेलं, जसा दारावर टकटक झाली की हात केसांवरून फिरतो. त्यानं मान हलवली. आणि आता ह्या रस्त्यावरून चालताना, पिशवीतला सदरा मांडीला घासत असताना, ताई स्वतःला विचारत होती की खरंच ते नकळत होतं का? का तिच्या अर्ध्या मनाला वाटत होतं त्यांनी त्याला न्यावं, आणि उरलेलं अर्धं शिवणाच्या मशीनचा पाय धरून बसलं होतं?

डॉक्टर चांगला माणूस होता. बूट दाराबाहेर काढून आला. धाकट्यानं त्याला खुर्ची दिली, वारा लागेल अशी फिरवून दिली. दिवस कोणता, वार कोणता, लिफ्ट मधेच अडकली तर काय करायचं, सगळं सांगितलं. "कुणाचा राग येतो का?" "येतो ना. शेजाऱ्यांच्या रेडिओचा." डॉक्टर हसला. "जगू नये असं वाटतं?" "छे! ताईला एकटीला कोण बघणार?" पाण्याचं तो एक अक्षर बोलला नाही. बहिणीचा शब्द त्यानं पाळला. मग डॉक्टर स्वयंपाकघरात आला, दार ओढून घेतलं, पण ते दार पुरतं कधीच लागत नसे, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, अर्जात तुम्ही लिहिलंय पाणी पीत नाही म्हणून. माणूस तर बरा दिसतोय." तेव्हा ताईनं सांगितलं. कॅनचं, सीलचं, इस्त्रीच्या टोकाचं. सांगता सांगता तिच्या आवाजात एक बारीकसा अभिमान आला. कित्येक महिन्यांत तिच्या हुशारीचं कुणाला सांगायला मिळालं नव्हतं. "नळाचंच असतं हो. त्याला कळतसुद्धा नाही." डॉक्टरनं कौतुकानं मान हलवली. "कमाल आहे तुमची! म्हणजे पाणी व्यवस्थित पोटात जातंय." मग अर्जाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "वाईट वाटतं सांगायला. पण कायद्यानं बघायचं तर धोका नाही. तुम्ही आहात ना, म्हणून धोका नाही. तुम्ही नसता, तर मी आज त्यांना घेऊन गेलो असतो." असं बोलला बिचारा, आणि बूट घालून गेला. ताई बाहेर आली. धाकटा तिथंच, त्याच खुर्चीत. पुढ्यात पेला होता, अर्धा प्यालेला. त्यानं विचारलं, "ताई, कधीपासून?" "काय कधीपासून?" ती म्हणाली. तो तिच्याकडं पाहत राहिला. ते बघणं रागाचं नव्हतं. लिफ्टचा दोर तुटलेला दिसल्यावर कारागीर जसा वर बघतो, तसं होतं. मग उठून त्यानं पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि पेला ओट्यावर उपडा घातला. तिच्या हातचं पाणी तो पुन्हा प्याला नाही. नेमका किती दिवस तो तसा घरात होता हे ताईला आता आठवेना; तिनं खरे सीलबंद कॅन आणले, पावती दाखवली, पाया पडली. एका दुपारी ती कामावरून आली तर तोट्यांना बांधलेली फडकी सोडून, धुऊन, घडी करून ठेवली होती, आणि पांढरा सदरा खुंटीवर नव्हता. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय. पहिल्या दिवसांतच इस्पितळं पाहून झाली, पुढं बाकडी पाहून झाली. उन्हाळा सगळा ती सुटीच्या दिवशी हातात एक कॅन घेऊन शहरभर हिंडली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि प्रत्येकापुढं झाकण घातलेला पाण्याचा पेला. ताईला मागच्या ओळीत बसवलं. समितीच्या अध्यक्षबाई चष्मा कपाळावर चढवून बोलत होत्या: सध्या कायदा म्हणतो जिवाला धोका, नवा मसुदा म्हणतो, ज्याला आपला आजार कळत नाही आणि उपचाराविना ज्याची प्रकृती ढासळत जाईल, अशालाही नेता यावं. एक वकील उठला, त्याचा आवाज गोड होता, म्हणाला, ढासळत जाईल हे ठरवणार कोण? उद्या कुणीही कुणालाही ढासळवील. दुसरा म्हणाला, मग मरेपर्यंत वाट पाहायची का? ताईला दोघांचंही पटत होतं, एकाच वेळी. मग पांढऱ्या केसांची एक बाई बोलायला उभी राहिली. तिला तरुणपणी नेलं होतं, ती म्हणाली. नवऱ्याच्या अंगावर ताट फेकलं म्हणून. "मी आज इथं आले ना, तर दाराशी त्या शिपायाला विचारलं, आत येऊ का? तो म्हणाला, या की आजी, विचारता काय? पण मी विचारल्याशिवाय पाऊल उचलतच नाही. पाऊल उचललं जातच नाही, बाई." ताईनं पिशवी छातीशी धरली. आईच बोलत होती. आईनं इतकी वर्षं कुठंतरी दबून राहून आज तोंड उघडलं होतं, आणि नेमकं आज, धाकट्याच्या विरुद्ध.

तिचं नाव पुकारलं. ती टेबलाच्या टोकाशी बसली. "बोला, घाबरू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्या खऱ्याच मायेनं म्हणाल्या. ताईनं आठवडाभर मनात घोकलेलं बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात ते सगळं विस्कटलं. ती सदऱ्याचं बोलायला लागली, खळ किती घातली ते, मग एकदम आईचं मशीन, मग इस्त्रीचं टोक. एक सदस्य घड्याळाकडं बघून मग आपण बघितलं नाही असं दाखवू लागला. "म्हणजे ताई," गोड आवाजाचा वकील म्हणाला, "आपला ह्या बदलाला पाठिंबा आहे की विरोध, एवढं जर कळलं असतं." ताई म्हणाली, "मला दोन्ही नको." मग म्हणाली, "दोन्ही हवेत." कुणीतरी हसलं, वाईट हेतूनं नव्हे. "तो त्या दिवशी दिसला तसा नव्हता हो," ती म्हणाली, "मी इस्त्री केली होती. मी हात काढून घेतला असता तर तुम्हाला दिसलं असतं. पण हात कसा काढून घ्यायचा? तुमच्या कायद्यात एवढं लिहा की बहिणीनं हात कसा..." घंटी वाजली. वेळ संपल्याची ती घंटी होती, लहानशी, टेबलावरची. "तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. शेवटी त्यांनी, तुटक वाटू नये म्हणून असेल, विचारलं, "भाऊ आता कुठं असतो?" ताईच्या बोटांना पिशवीतून कॉलर लागत होती. ती म्हणाली, "असतो." आणि उठली. पेल्यावरचं झाकण तिनं काढलं नव्हतं.

मग मात्र ती डावीकडं गेली. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथं कपड्यांचे गठ्ठे बांधतात तिथून तिला एका वॉर्डात पाठवलं. तिथली सिस्टर टेबलाशी उभ्यानंच चहा पीत होती. ताईनं सदरा काढला, घडी न मोडता तिच्यापुढं धरला. सिस्टरनं कप खाली ठेवला. "हा? हा तर... तुम्ही कोण त्यांच्या?" मग सिस्टरनं खुर्ची ओढून दिली. बस डेपोच्या मागच्या भिंतीशी सापडला, ती सांगू लागली, ऐन उन्हाच्या दिवसांत. शुद्ध होती आणि नव्हती. "तेव्हा कायद्याची अडचण काहीच नव्हती हो. उघड धोका होता जिवाला. लगेच घेतलं." सलाइन लावलं, पण मूत्रपिंडं गेली होती. "फार सभ्य माणूस. सुई टोचली तर थँक्यू म्हणायचा. पाणी तेवढं तोंडाशी नेलं की मान फिरवायचा. कुणी भरलं, म्हणून विचारायचा. मी भरलं म्हटलं तर माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, तुम्ही चांगल्या आहात, पण नको." ताईनं विचारलं, "नाव नाही सांगितलं?" "विचारलं ना, खूपदा. म्हणायचा, ताईला ठाऊक आहे. कुठली ताई, म्हटलं, पत्ता सांगा, बोलावून घेऊ. तर म्हणायचा, नको, ती कामावर असेल. शेवटी शेवटी तर..." सिस्टर थांबली. "सांगा," ताई म्हणाली. "शेवटच्या संध्याकाळी म्हणाला, ताईनं आणलं असेल तर घेतो. मी पेला घेऊन आले, म्हटलं, हे घ्या, ताईनंच पाठवलंय. खोटंच बोलले मी, काय करू? तर त्यानं पेला हातात घेतला, कानाशी धरला, बराच वेळ ऐकलं. आणि मला परत दिला."

बाहेरच्या गॅलरीत कुणीतरी फरशी पुसत होतं, बादलीत फडकं पिळल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. ताईला त्या पाण्यात काही ऐकू येतं का, म्हणून तिनं कान दिला. नुसतं पाणीच होतं. सिस्टरनं एक पेला भरून तिच्यापुढं ठेवला. ताईनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि कुणालाही न विचारता उठणारी-बसणारी ती बाई, त्या परक्या खोलीत, त्या परक्या बाईला म्हणाली, "पिऊ का?" सिस्टर गोंधळून म्हणाली, "अहो, प्या की." ताई प्याली नाही. सदऱ्याची घडी तिनं मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला, सुरकुती नसलेल्या ठिकाणी. "नाव सांगता का आता?" सिस्टरनं हळूच विचारलं. ताईनं सांगितलं. एकदा, स्पष्ट, घरी जेवायला हाक मारावी तसं. ऐकून कुणी आलं नाही.

ते नाव मी तुम्हाला सांगत नाही, मायबाप. तिच्याकडं आता तेवढंच आहे, ते तिच्यापाशी राहू द्या. कायद्याचं काय झालं, विचाराल. ते अजून चाललं आहे. शहाणी माणसं अजून बोलताहेत, ती वाईट नाहीत, आणि कुणाच्या तरी घरी ह्या क्षणाला कुणाची तरी बहीण एका कॉलरवर इस्त्री फिरवते आहे. त्यांच्यासाठी काय मागावं हे मला देवापुढं उभं राहूनही सुचत नाही. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. आता इथून उठाल, घरी जाल, तहान लागेल, कुणीतरी तुमच्या हातात पेला देईल. तोंडाला लावण्याआधी घटकाभर तो हात बघा, आणि तोंडाशी आलेला पेला कानाशी धरून परत देणाऱ्या त्या लिफ्टवाल्याची आठवण काढा. बिननावाचाच आठवा. मग प्या.